भाडं निम्मं झालं, पण मिळकतीचं काय?

आज आपण एका हिशोबाबद्दल बोलणार आहोत. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतं. कुणाचा मुलगा-सून, कुणाचे दीर-जाऊ, कुणाची लेक. कधीतरी त्यांचा फोन येतो, "आता मुंबई पुरे झाली. इथली खोली सोडतो आणि तालुक्याच्या गावी येऊन राहतो. तिकडे खर्च तरी कमी आहे." ऐकून म्हाताऱ्या माणसांचा जीव सुखावतो. नातवंडं जवळ येणार म्हणून कुणी पडवी शाकारायला घेतं. पण खर्च कमी म्हणजे नक्की किती कमी, आणि कुणाच्या जिवावर कमी, हे कुणी कागदावर मांडत नाही. ते आज मांडू.

मी मुंबईत जोगेश्वरी पूर्वेला राहते आणि इथल्या बचत गटांचं काम करते. मेघवाडी, मजासवाडी, श्यामनगर या आमच्या वस्त्यांत कोकणातली, साताऱ्या-सांगलीकडची पुष्कळ घरं आहेत. गावोगावची मुंबई मंडळं आहेत, त्यांची वर्गणी निघते, गणपती-शिमग्याला गाड्या भरून जातात. इथून उठून परत जावं असं वाटण्याला कारणंही आहेत. दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं. चाळ पाडून उंच इमारत झाली, घर फुकट मिळालं, तरी लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा खर्च दर महिन्याला भरावाच लागतो. चाळीत असताना ही पावती नव्हती. म्हणून निघावंसं वाटणं चुकीचं नाही. मात्र निघताना पूर्ण हिशोब झाला पाहिजे.

पहिली गोष्ट. खर्च कमी होतो आणि स्वस्ताई असते, या दोन गोष्टी एक नव्हेत. सरकार देशभर घरखर्चाची पाहणी करतं. २०२३-२४ च्या पाहणीत, फुकट मिळणाऱ्या वस्तूंची किंमत न धरता, गावात माणशी महिना सरासरी ४,१२२ रुपये खर्च झाला आणि शहरात ६,९९६ रुपये. हे ऐकून वाटेल, बघा, गाव किती स्वस्त. पण तेलाच्या पिशवीवर, साबणाच्या वडीवर, चहाच्या पुड्यावर छापलेली किंमत जोगेश्वरीत आणि चिपळूणात एकच असते. मोबाइलचा रिचार्ज तोच. गॅसची टाकी जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा थोडी महागच पडते, कारण वाहतूक वाढते. मग गावात खर्च कमी का? एक म्हणजे घरभाडं नसतं किंवा थोडं असतं. दुसरं म्हणजे हातात पैसा कमी असतो, म्हणून माणूस कमी खर्च करतो. मन मारून वाचवलेल्या पैशाला स्वस्ताई म्हणत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता कागद-पेन असेल तर घ्या. आपण एका घराचा हिशोब करू. घर कल्पनेतलं आहे आणि आकडे उदाहरणासाठी आहेत. तुम्ही तुमचे आकडे घाला. नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं. जोगेश्वरीत भाड्याची खोली. नवऱ्याला महिना १८,००० मिळतात. बायको तीन घरी पोळी-भाजीची कामं करून ९,००० आणते. मिळून २७,०००.

जोगेश्वरीतला खर्च असा. भाडं ९,०००. किराणा, भाजी, दूध, गॅस ८,५००. वीज आणि मोबाइल १,८००. लोकल-बसचा प्रवास १,०००. मुलांची शिकवणी, वह्या १,५००. औषधपाणी १,०००. गावी सासू-सासऱ्यांना २,०००. देणंघेणं, वर्गणी ५००. एकूण २५,३००. मागे उरतात १,७००.

आता हेच घर चिपळूणला आलं. चिपळूण मी यासाठी घेतलं, की ते धड खेडं नाही आणि मोठं शहरही नाही. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, एसटीचं आगार आहे, मोठी बाजारपेठ आहे, डी. बी. जे. कॉलेज आहे, लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत जवळ आहे. आमच्याकडच्या माणसांना परत यायचं असतं ते अशाच गावी. तिथे भाडं ४,०००. किराणा-गॅस ८,०००. वीज-मोबाइल १,३००. प्रवास २,०००, कारण लोकल नाही, नवऱ्याला कारखान्यापर्यंत दुचाकीचं पेट्रोल लागतं आणि घरातल्यांना रिक्षा. मुलांचं १,५००. औषधपाणी १,०००. सासू-सासऱ्यांना १,०००, कारण आता येता-जाता भाजी-तांदूळ नेता येतो. आणि देणंघेणं १,५००. हे वाढतं, कारण मुंबईत असताना लग्न-बारशाला "सुट्टी नाही" म्हणता येतं, जवळ राहिल्यावर म्हणता येत नाही. एकूण २०,३००.

म्हणजे खर्च ५,००० रुपयांनी कमी झाला. भाडं निम्म्याहूनही कमी झालं. इथपर्यंत सगळे आनंदात असतात.

आता मिळकत बघा. नवऱ्याला तिथे १४,००० चं काम मिळालं. बायकोची तीन घरं जोगेश्वरीत राहिली. चिपळूणला पहिल्या दिवसापासून तिला काम मिळेलच असं नाही. शिवाय "आता आपल्या माणसांत आलोय, दुसऱ्याच्या घरी भांडी-पोळ्या कशाला" असं घरातलेच म्हणतात. म्हणजे तिची मिळकत शून्य. घराची मिळकत २७,००० वरून १४,००० झाली, १३,००० नी घटली. खर्च घटला ५,००० नी. जोगेश्वरीत १,७०० उरत होते, चिपळूणला दर महिन्याला ६,३०० कमी पडतात.

कुणी म्हणेल, आपलं घर आहे, भाडं कशाला? बरं, ते ४,००० काढून टाका. घरचा तांदूळ येतो म्हणून आणखी १,००० काढा. तरी १,३०० रुपये कमीच पडतात. ते कुठून येणार? बायकोच्या मिळकतीतूनच. म्हणून माझं म्हणणं असं, की "तिकडे भाडं किती" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आहे, "तिकडे गेल्यावर घरातल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा कुठून येणार?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय टेम्पो ठरवू नका.

हे आपल्या माणसांनी आधी भोगलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. संप लांबला तशी कित्येक कुटुंबं कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेली. गावात घर होतं, थोडं भात होतं. पण त्या गावांचा रोख पैसा म्हणजे मुंबईहून येणारी मनीऑर्डर, आणि ती पाठवणाराच आता घरी येऊन बसला होता. घर असणं आणि घर चालणं यातला फरक तेव्हा कळला. २०२० च्या टाळेबंदीतही असंच झालं. डोक्यावर छप्पर होतं, रेशन होतं, तरी मिळकत नाही म्हणून पुष्कळजण काही महिन्यांत मुंबईला परत फिरले.

दुसरी गोष्ट पैशात दिसत नाही, ती म्हणजे बाईचे कष्ट. २०२४ मध्ये देशात वेळेची पाहणी झाली, कोण दिवसभरात कशावर किती वेळ घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो आणि पुरुषाचा ८८ मिनिटं. मुंबईच्या खोलीत जागा लहान, म्हणून केर-फरशीही लहान. गावच्या घरात अंगण आलं, गोठा असेल तर शेण आलं, उन्हाळ्यात पाणी भरणं आलं, म्हातारी माणसं आली, पाहुणे आले. "गावात खर्च कमी" असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला काही खर्च बाईच्या अंगावर गेलेला असतो. ते काम करू नये असं मी म्हणत नाही. सासू-सासऱ्यांची सेवा आपण आनंदानं करतो. पण हिशोबाच्या वहीत त्याची ओळ असावी. कोण पाणी भरणार, कोण म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणार, हे निघण्याआधी नवऱ्यासमोर आणि दिरांसमोर बोलून ठेवावं.

तिसरी गोष्ट, दवाखाना. जोगेश्वरीत महापालिकेचं ट्रॉमा केअर रुग्णालय जवळ आहे, पार्ल्याचं कूपर रुग्णालय बसच्या अंतरावर आहे. चिपळूणजवळ कामथ्याला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे आणि डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, म्हणजे चिपळूणकरांची सोय चांगली. पण सगळ्याच तालुक्यांना असं नशीब नाही. घरात डायलिसिसचा, कॅन्सरचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर आधी विचारा, ती सेवा जवळात जवळ कुठे मिळते आणि रात्री गाडी किती घेते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं, तेव्हा ही कागदं सामानाच्या बोचक्यात न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवा. रेशनचं धान्य मात्र कार्ड न बदलताही दुसऱ्या गावच्या दुकानात अंगठा लावून उचलता येतं, त्याची घाई नको.

चौथी गोष्ट, स्वस्त खोली स्वस्त का आहे ते विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. २००५ च्या जुलैतही शिरलं होतं. नदीकाठच्या गावात तळमजल्याची खोली हजार रुपयांनी कमी मिळत असेल, तर शेजारच्या म्हातारीला विचारा, "आजी, पाणी कुठवर आलं होतं?" ती भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. एका पुरात फ्रीज, शिलाई मशीन आणि मुलांची दप्तरं गेली, की कितीतरी वर्षांचं वाचवलेलं भाडं गेलं.

म्हणूनच गाव बघायला मे महिन्यात किंवा गणपतीत जाऊ नका. तेव्हा आंबे असतात, घर भरलेलं असतं, सगळेजण "ये ना राहायला" म्हणतात. जुलैत जा. वीज किती वेळा जाते, शाळेची एसटी वेळेवर येते का, बाजारात मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक असतं का, हे जुलैत कळतं.

पाचवी गोष्ट मुंबईच्या खोलीची. स्वतःची खोली असेल तर ती विकून गावात घर बांधायचं, असं पुष्कळजण ठरवतात. जरा थांबा. चाळीचा पुनर्विकास व्हायचा असेल, तर खोलीला कुलूप लावून गेल्यावर पात्रता ठरवताना अडचण येऊ शकते. पुनर्वसनात मिळालेलं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही, साध्या कागदावर व्यवहार केला तर तो अंगाशी येतो. हे सगळं सोसायटीत आणि संबंधित सरकारी कचेरीत विचारूनच करा. शक्य असेल तर पहिलं वर्षभर खोली विकू नका. एकदा विकलेली खोली त्या पैशात परत मिळत नाही.

आणि गावात घर बांधायचं ते कुणाच्या जमिनीवर, हेही बघा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर दहा-बारा नावं असतात. मुंबईच्या खोलीचे पैसे अशा सामाईक जमिनीवरच्या घरात घातले, आणि उद्या भावाभावांत वाटणी निघाली, तर बाईच्या हाती काय? तालुक्याच्या गावी तयार घर घेत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क १ टक्क्यानं कमी पडतं. १५ लाखांच्या घरावर हे १५,००० रुपये होतात. पैसे वाचतात आणि घरही तिच्या नावावर होतं.

आता कुणी म्हणेल, ताई, तुम्ही येऊच नका म्हणताय. तसं नाही. ज्यांचं जमलं अशी घरंही आहेत, आणि त्यांच्यात काही गोष्टी सारख्या दिसतात. एक, नवऱ्याच्या हातात कसब असतं, वीजकाम, नळकाम, गाडी दुरुस्ती. तालुक्याला अशा माणसाला काम मिळतं. दोन, मुंबईची खोली भाड्यानं दिलेली असते, महिन्याला थोडा रोख पैसा येत राहतो. तीन, बाई येण्याआधीच तिचं काम ठरलेलं असतं. मुंबईत पोळी-भाजी करणाऱ्या बाईला पन्नास माणसांचा स्वयंपाक अंदाजानं जमतो, वेळेची शिस्त असते, गिऱ्हाइकाशी बोलायची सवय असते. कॉलेजच्या मुलांचे डबे, कारखान्यातल्या एकट्या माणसांचे डबे, लग्नसराईतली घावन-पोळ्यांची ऑर्डर, गणपतीतले मोदक, हे सगळं तिला करता येतं. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे बाजाराला जाणंही परवडतं. आपल्या उदाहरणातल्या बाईनं महिन्याला ६,५०० रुपये सुटणारं काम उभं केलं, तर तेच घर चिपळूणला तगतं. भाड्याच्या घरातसुद्धा.

आणि इथेच मला तुमच्याशी, गावातल्या गटांशी बोलायचं आहे. मुंबईहून आलेली सून किंवा जाऊ गावात परकी असते. तिचा गट जोगेश्वरीत राहिला, मैत्रिणी राहिल्या, हक्काचं दहा-वीस हजारांचं कर्ज मिळायची जागा राहिली. इथे ती सासरच्या नावानं ओळखली जाते, स्वतःच्या नाही. पहिल्या वर्षी तिला पैशाची गरज पडली तर ती मंगळसूत्र गहाण टाकते, कारण दुसरीकडे मागायचं कुठे ते तिला ठाऊक नसतं.

तेव्हा तिला गटात घ्या. गटाची संख्या भरली असेल तर तिच्यासारख्या चौघी-पाचजणी आणखी असतील, नवा गट करायला मदत करा. तिनं मुंबईच्या गटातून निघताना बचतीचा हिशोब पुरा करून, कर्ज फेडल्याचं लिहून आणावं, म्हणजे तुम्हालाही भरवसा वाटेल. येण्याआधीच फोनवर तिला खरं सांगा. आपल्याकडे डब्याला काय दर मिळतो, शिलाईला काय मिळतो, खोलीचं भाडं काय, अनामत किती मागतात, शाळेत प्रवेशाचं काय. "ये गं, सगळं होईल" एवढं सांगून तिचं भागत नाही. खरे आकडे तिला तुमच्याकडूनच मिळतील, कारण ते तुम्ही रोज मोजता.

पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मुंबई, उजवीकडे आपलं गाव. वर मिळकत लिहा, नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी. खाली खर्च लिहा, भाड्यापासून आहेरापर्यंत. त्याच्याखाली एकदाचा खर्च, म्हणजे टेम्पो, अनामत, शाळेचा दाखला-प्रवेश. आणि सगळ्यात खाली एक ओळ, बाईचे घरातले तास. ज्यांच्या घरातलं कुणी परत यायचं म्हणतंय, त्यांनी हे पान भरावं आणि फोनवर वाचून दाखवावं. दोन्ही बाजूंनी हिशोब बसला तर खुशाल या म्हणावं, आणि दारात तांब्या-भाकर घेऊन उभं राहावं. नाही बसला तर आधी बाईचं काम ठरवावं, मग महिना ठरवावा.